उघाडीवरची ड्युटी

तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, उत्तर येईल ती भरतीची वेळ. हे गणित हौसा गोताड शाळेत शिकली नव्हती. शाळेत ती चौथीपर्यंतच गेली, आणि गुरुजींनी शिकवलं तेवढं सगळं गुरं राखताना कुठेतरी सांडून आली. हे तिला शिकवलं कासमभाय होडेकरांनी, लग्नानंतरच्या पहिल्या लावणीला, तिवरेखारच्या बांधावर. अमावास्येला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, म्हणजे सव्वाअकरा. द्वितीयेला दीड. तृतीयेला सव्वादोन.

"खाडीच्या हाताला घड्याळ कोन बांधनार, भाबी?" ते म्हणाले होते. "ती रोज पाऊन तास उशिरा येते. म्हायेराहून निघालेल्या सुनेवानी."

तिवरेखारच्या शेतजमिनीला म्हणायचं खार, आणि ती खरी खाडीचीच. माणसांनी बांध घालून ती खाडीकडून मागून घेतलेली, आणि खाडी दिवसातून दोनदा ती परत मागायला येते. म्हणून बांधाच्या पोटात एक मोरी आणि मोरीच्या तोंडाला लाकडी फळ्या. त्यांना म्हणायचं उघाडी. भरती चढायच्या आत फळ्या एकावर एक बसवायच्या, भेगांत चिखल थापायचा. सुकती लागून खाडी खाली गेली की फळ्या काढायच्या आणि शेतात तुंबलेलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं. पावसाचे चारी महिने, दिवसातून दोनदा. होडेकरांच्या घरात हे काम कासमभायच्या आजोबांपासून होतं. भात झोडलं की बांधाच्या आतली सगळी घरं, गोताडवाडीची सोळा आणि पलीकडच्या मोहल्ल्याची नऊ, एकेक सूप भात होडेकरांच्या ओटीवर नेऊन ओतायची. कागद नाही, सही नाही.

यंदा चैत्रात तालुक्याच्या बाजारात एका मिरवणुकीवरून दगड पडले. चार दिवस दुकानं बंद. तिवरेखारात एक खडासुद्धा उडाला नव्हता, पण प्रत्येकाच्या फोनमध्ये दगडांचा ढीग लागला होता. पाचव्या दिवशी हातखंब्याकडून एक जीप आली आणि जीपमधून विनीत उतरला. पस्तिशीचा, इस्त्रीच्या कपड्यातला. तो कधी ओरडायचा नाही, आणि तीच त्याची खरी दहशत होती. देवळात बसून त्याने सगळ्यांना हळू आवाजात विचारलं, उद्या खाडीकडून कोणी आलं तर तुम्हाला कळणार कसं? गोताडवाडी विचारात पडली. आजवर खाडीकडून फक्त मासे आले होते.

त्या संध्याकाळी खाडीरक्षक दल निघालं. घरटी एक माणूस, एक भगवा टी-शर्ट, एक काठी, एक शिट्टी आणि रोजची हजेरी. हौसाच्या घरातून रावजी गेला. तिचा नवरा.

रावजीने मुंबईत बावीस वर्षं एका इमारतीची लिफ्ट चालवली होती. वर नेली, खाली आणली. मग इमारत पाडली, नवी उभी राहिली, नव्या लिफ्टला बटणं दाबायला माणूस लागेना. दोन वर्षांपूर्वी तो गावी परत आला आणि तेव्हापासून ओटीवर बसून होता, कोणी न्यायला यायचं राहिलेल्या पार्सलासारखा. दलाने त्याला गटनायक केलं. पहिल्यांदा हौसाला बरंच वाटलं. माणूस सहाला उठायला लागला, दाढी करायला लागला. शिट्टी गळ्यात घालून आरशापुढे उभा राहिलेला तिने त्याला एकदा पाहिला आणि हसू दाबत चुलीकडे वळली.

पण मग दल वाढायला लागलं. वाढायला म्हणजे, पावसात रानतेरं वाढतं तसं. आधी फक्त रात्रीची फेरी होती. मग बांधाच्या तोंडाशी ताडपत्रीची चौकी आली, चौकीत वही आली, येणाऱ्याजाणाऱ्याचं आधार कार्ड बघणं आलं. मोहल्ल्यातही मुंबईहून दोघं-तिघं आले आणि बांधाच्या त्यांच्या टोकाला दगडावर बसायला लागले. त्यांच्याकडे शिट्टी नव्हती. ते नुसते खोकायचे.

कासमभायची बायको हुरमत दर आठवड्याला तिसऱ्यांची टोपली घेऊन वाडीत यायची. एका गुरुवारी चौकीवर तिची टोपली तपासायची म्हणून बांधावर पालथी केली. हौसा तेव्हा दहा पावलांवर गवत कापत होती. हुरमतने एकेक शिंपला वेचून टोपलीत टाकला. कितीतरी वेळ लागला. हौसाच्या हातातला कोयता तेवढा वेळ एकाच जागी राहिला. पुढच्या आठवड्यापासून हुरमत आली नाही.

तरी लावणी येईपर्यंत हौसाने तोंड शिवून ठेवलं होतं. आषाढ तोंडावर आला, भाताच्या रोपांचा तरवा लावणीजोगा झाला, आणि चिखळणीला माणूस मिळेना. जो तो ड्युटीवर. सोळा घरांतले सोळा पुरुष बांधावर काठ्या घेऊन खाडी राखत बसलेले आणि बायका गुडघाभर चिखलात. शेजारची गंगुबाई सत्तरीला आलेली, तिने नांगर धरला. रावजी जेवायला आला की हौसा ताटात भाकरी अशी वाढायची की ताट वाजायचं. त्याला कळायचं नाही असं नाही. तो ताट उजवीकडे सरकवायचा, एवढंच.

आणि मग अमावास्येला विनीतने उघाडी घेतली.

त्याचं म्हणणं साधं होतं. खारीतल्या सगळ्या भाताची मान त्या फळ्यांत आहे, आणि फळ्या कोणाच्या हातात आहेत? हे ऐकल्यावर माणसांनी एकमेकांकडे अशी मान हलवली, जशी काही त्यांना ही गोष्ट आजच कळत होती. अमावास्येच्या दिवशी विनीत स्वतः बांधावर उभा राहिला, कासमभायनी उघाडी कधी बंद केली, कधी उघडली, ते मनगटावरच्या घड्याळात पाहून लिहून घेतलं आणि मग त्यांना हात जोडून घरी जायला आणि पुन्हा बांधावर न यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी चौकीत प्लास्टिकच्या कव्हरात कागद लागला. दुपारी दोनला उघडणे, सहाला बंद. पहाटे दोनला उघडणे, सहाला बंद. खाली दलाचा शिक्का.

रोज दोन. रोज सहा.

रावजीने घरी येऊन कौतुकाने हे सांगितलं तेव्हा हौसा तांदूळ निवडत होती.  तिने त्याला विचारलं, भरती रोज पुढे सरकते हे विनीतला ठाऊक आहे ना? रावजी म्हणाला, त्यांनी स्वतः उभं राहून टाइम घेतलाय. मुलगी मृणाली अकरावीला होती. ती अभ्यासातून मान वर न करता म्हणाली, "बाबा, त्यांनी एका दिवसाचा टाइम घेतलाय." त्यावर रावजी ओटीवर निघून गेला.

प्रतिपदेला शेत वाचलं ते बाळामुळे. बाळा गोताड, पंचावन्नचा, गुडघेदुखीवाला. दुपारची ड्युटी त्याची होती. तो जेवला, चौकीत आडवा झाला आणि डोळा लागला तो साडेतीनला उघडला. धावतपळत जाऊन त्याने फळ्या काढल्या, तोवर भरती कधीच उतरली होती. पाणी कसं सरळ बाहेर गेलं. पण दीड तास उशीर म्हणजे उशीर. सहाच्या हजेरीला विनीतने त्याला सगळ्यांसमोर उभा केला आणि अगदी हळू आवाजात वीस उठाबशा काढायला सांगितल्या. बाळाने चौदा काढल्या. पंधराव्याला तो खाली बसला तो उठेना, तेव्हा रावजीने आणि आणखी एकाने त्याला काखेत हात घालून उठवलं आणि उरलेल्या सहा तशाच, धरून, पुऱ्या करून घेतल्या.

पहाटेच्या पाळीला अजून माणूस नेमला नव्हता, म्हणून त्या रात्री फळ्या तशाच राहिल्या. द्वितीयेची दुपारची ड्युटी रावजीची होती.

त्या दुपारी हौसा आपल्या मळ्यात लावणी करत होती. सकाळपासून वाकलेली, पाठीवर प्लास्टिकचा कागद, डाव्या हातात रोपांची मूठ. पाऊस थांबला होता आणि हवा चुलीवरच्या टोपासारखी झाकलेली. चिखल थंड असतो. लावणीत पायांना तेवढंच सुख. तर तिच्या पोटऱ्यांना एकाएकी कोमट लागलं. तिने खाली पाहिलं. चिखलपाण्यावर पांढरा फेस सरकत येत होता, आणि त्या फेसाबरोबर एक निवटी टुणकन उडून तिच्या नुकत्या लावलेल्या रोपांत जाऊन बसली. निवटी. खाडीतली मासळी. भाताच्या शेतात.

हौसाने ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं आणि थुंकली.

मग खारभर बायका उठून उभ्या राहिल्या. कोणी टोपली टाकून धावली, कोणी आपल्या बांधावर चिखलाचे गोळे टाकायला लागली, जसं काही खाडी असल्या चार गोळ्यांनी अडणार होती. उघाडीकडून शिट्टी वाजत होती, एकसारखी, जीव गेल्यासारखी. हौसा पोचली तेव्हा रावजी मोरीच्या तोंडाशी छातीभर पाण्यात उभा होता आणि एक फळी खाचेत बसवायला बघत होता. येणारं पाणी ती फळी त्याच्या अंगावर फेकत होतं. हौसा उतरली, गंगुबाईचा जावई उतरला, आणखी तिघं आले. फळ्या बसेपर्यंत साडेतीन झाले होते आणि चाळीस एकरांत खाडी येऊन बसली होती. उघाडीजवळचा पहिला तुकडा होडेकरांचा. त्यांचा तरवा तिथेच होता. तो तर दिसतच नव्हता.

मिठाच्या पाण्यावर उपाय एकच, आणि तो शेंबड्या पोरालाही माहीत. सुकती लागली की लगेच उघाडी उघडायची, खारं पाणी जाऊ द्यायचं, वरून पावसाचं गोडं घ्यायचं, ढवळायचं, पुन्हा सोडायचं. तीन-चार सुकत्या ओळीने साधल्या तर भात जगतं. पहिली सुकती त्याच संध्याकाळची होती. पण चारलाच जीप आली, विनीतने फळ्यांचे फोटो काढले, मोरीच्या तोंडाला साखळी घालून कुलूप लावलं आणि सांगितलं, हा पुरावा आहे, चौकशी होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही.

खाडी खाली जात राहिली. शेतातलं पाणी कुलपाच्या आत बसून राहिलं. हौसा बांधावर उभी राहून ते बघत होती आणि तिला वाटत होतं, त्या साखळीला दातांनी धरावं.

चौकशी कोणाची, ते तिला दिवे लागायच्या सुमाराला गंगुबाईकडून कळलं. कासमची. दोन वाजता कासम उघाडीजवळ होता म्हणे, हातवारे करत होता म्हणे, चौघांनी पाहिलं म्हणे.

हौसा गोठ्यात गेली. रावजी अंधारात गाईच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. टी-शर्ट अजून ओलाच. हाताची बोटं फळ्यांनी सोलवटलेली. ती दारात उभी राहिली. आणि मग तोच बोलला, गाईकडे तोंड करून. पाणी त्याला दिसत होतं. बांधावरून हात बुडेल एवढी भरती होती. त्याने विनीतला फोन लावला. विनीत म्हणाला, किती वाजलेत? दोन. कागदावर काय आहे? दोन. मग विचारता काय.

"आनी कासमभाय?"

"तो पलीकडनं आला धावत. उगडू नको म्हनला, भरती हाय." रावजी थांबला. "मी काठी उगारली त्येच्यावर. वर्डर हाय ना, त्येला बांधावर येऊ द्यायचा नाय."

"मंग सांगा तसं. उद्या सगळ्यांसमोर सांगा."

रावजी गाईच्या पाठीवरची गोचीड वेचायला लागला.

"बावीस वर्सं, हौसा," तो म्हणाला. "त्या बिल्डिंगीत एकानं मला नावानं हाक मारली नाय. लिफ्टवाला. लिफ्टमन. हितं लोक रावजीदादा म्हनतात. बाळाचं काय झालं बगितलंस ना?"

"त्येला उठाबशा काढायला हात तुमीच लावलात."

हौसा आत आली. त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही, आणि मृणालीने न सांगता भांडी घासली.

तृतीयेला सकाळी आठला शाळेच्या पडवीत सगळे जमले. पाऊस बारीक होता. हौसाचं लक्ष सभेत नव्हतंच. ती मनात गुणत होती. तृतीया, सव्वादोन. म्हणजे आत्ता खाडी तळाला असणार. उघाडी आत्ता उघडली तर पाणी जाईल. साडेदहा झाले की खाडी परत मोरीपर्यंत चढणार, मग दुपारभर काही नाही. आणि रोपाला खारं पाणी पिऊन सोळा तास झाले होते. काल रात्रीच पातीचे शेंडे वळायला लागले होते.

विनीत खुर्चीवर बसला होता, मांडीवर वही, समोरच्या टेबलावर फोन उभा करून ठेवलेला. कासमभाय उभे होते. साठीचा माणूस, हाडापेराने मोठा, पण मिठाच्या पाण्यात चाळीस वर्षं राहून पायांची कातडी कोलंबीसारखी पांढरी पडलेली. विनीतने विचारलं, दोन वाजता तुम्ही तिथे होता का? होतो. कशाला होता? भरती बघायला. तुम्हाला बंदी असताना? बंदी बांधावर हाय, भरती बघायला नाय. कोणीतरी हसलं. विनीतने त्याच्याकडे पाहिल्यावर ते हसू गेलं.

नऊ वाजले. चौघांच्या साक्षी झाल्या. चौघांनी हातवारे पाहिले होते, फळी कोणाच्या हातात होती ते कोणी पाहिलं नव्हतं. रावजी खांबाला टेकून उभा होता. त्याला विनीतने विचारलं, तुमचं काय? रावजी म्हणाला, मी पानी आल्यावर फळ्या लावत व्हतो. हे खोटं नव्हतं. हौसाने त्याच्याकडे बघितलं. तो छताची कौलं मोजत होता.

साडेनऊ. आता विनीत गेल्या वर्षीच्या कुठल्याशा भांडणाबद्दल विचारत होता. कासमभायनी दोनदा बाहेर पाहिलं. शाळेच्या पडवीतून खार दिसत नाही, पण आभाळाचा तुकडा दिसतो, आणि त्या माणसाला तेवढाही पुरत असावा. मग त्यांनी एकदम हात वर केला, शाळेतल्या मुलासारखा.

"लिवा," ते म्हणाले. "उघाडी मीच उघडली."

 विनीत क्षणभर पेन धरूनच राहिला. मग त्याने विचारलं, का उघडली?

"तुमी सांगा काय लिवायचं ते. भात बुडवायला लिवा. मना सही कुटं करायची दाखवा आनी कुलपाची चावी द्या. तासभर सुकती ऱ्हायलीय. आता ग्येली तर माजं पन ग्येलं, तुमचं पन ग्येलं."

हौसाच्या घशाशी शब्द आले होते. अगदी दातांच्या मागे. ती बोलली असती तर काय झालं असतं हे तिला लख्ख दिसत होतं. रावजी नाही म्हणाला असता, विनीतने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली असती, पुन्हा चौघांच्या साक्षी, अकरा, साडेअकरा. शेंडे वळलेले होते. वर्षभराचं भात होतं. तिने ओठ असे मिटले की दुखले. आणि तिला दिसलं की कासमभाय तिच्याकडेच बघत होते. सही करता करता. त्यांना ठाऊक होतं की तिला ठाऊक आहे.



सही झाली, फोनने ती पाहिली, चावी मिळाली. कासमभाय अनवाणी धावले. मागून अख्खी वाडी. त्यांनी फळ्या कशा काढल्या ते सांगायला नको. वरची, मग तिच्याखालची, मग तिसरी, मधली, तशीच ठेवून जरा दम, की पाणी मोरीला फोडणार नाही पण थांबणारही नाही. चाळीस एकरांचं खारं पाणी हंबरत बाहेर पडलं. दुपारी पाऊस आला, चांगला बदाबदा. रात्रीची सुकती, दुसऱ्या दिवशीच्या दोन. चार सुकत्या कासमभायनी साधल्या, दोन्ही बाजूंना काठीवाले उभे असताना. भात जगलं. शेंडे पिवळे, पण जगलं. गेला तो फक्त होडेकरांचा तरवा, मोरीच्या तोंडाशी होता म्हणून. काळा पडला, आणि त्यातून सडक्या माशाचा वास यायला लागला.

पाचव्या दिवशी कासमभायना सांगण्यात आलं की आता उघाडीला हात लावायचा नाही, आणि वाडीतल्या कोणी त्यांच्या शेतात कामाला जायचं नाही.

तो सहीचा व्हिडिओ कुठे कुठे गेला म्हणून सांगू. पालीच्या बाजारात मासे घेताना कोळणीने हौसाला तो दाखवला. तुमचाच ना गो हा गाव, म्हणाली. चार गावांनी विनीतला बोलावणं पाठवलं. नवीन टी-शर्टांचा गठ्ठा आला. रावजी उपप्रमुख झाला. आणि उघाडीचं काय? ती आता बरोबर वेळेला उघडत होती. कारण हौसाने, पुन्हा पाणी आत नको म्हणून, मृणालीला बसवून महिन्याच्या सगळ्या तिथ्या गुणून-भागून लिहून दिल्या होत्या. तो कागद चौकीत प्लास्टिकच्या कव्हरात लागला. खाली दलाचा शिक्का.

हौसा गंगुबाईला जाऊन सगळं खरं सांगून आली. गंगुबाई तांदळातले खडे काढत ऐकत राहिली आणि म्हणाली, भात वाचलं ना आपलं, मंग गप ऱ्हा गो. हौसा विनीतलाही सांगून आली, भर रस्त्यात, जीप थांबवून. त्याने काच खाली केली, पूर्ण ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "काकी, कबुली आहे ना सही केलेली. आता तुम्ही घरातलं भांडण बाहेर आणू नका." काच वर गेली. तिला त्या काचेत आपलंच तोंड दिसलं, चिखलाने माखलेलं आणि अर्धं उघडं.

वद्य नवमीला सकाळी तिने आपल्या तरव्यातलं उरलेलं रोप उपटलं. आठ पेंढ्या झाल्या. उताराच्या तुकड्यात लावायचं म्हणून राखलेलं ते. डोक्यावर घेतलं आणि बांध धरला. पावणेसातची भरती उतरून गेली होती, उघाडी उघडायची वेळ होत आली होती आणि चौकीत रावजी होता. तो तिच्याकडे बघत राहिला. ती त्याच्या बाजूने गेली. भिजलेल्या पेंढ्यांचं पाणी त्याच्या वहीवर ठिबकलं.

होडेकरांच्या शेतात दोघंच होती. चिखळून ठेवलेला अख्खा तुकडा मोकळा आणि हुरमत कोपऱ्यात कुठून तरी मागून आणलेली मूठभर रोपं लावत होती. दरसाल हौसाचा एक दिवस हुरमतकडे आणि हुरमतचा एक दिवस हौसाकडे असायचा. हौसाने पेंढ्या कडेला टाकल्या, लुगडं खोचलं आणि चिखलात पाय घातला.

"ऱ्हाऊ दे, भाबी," कासमभाय म्हणाले.

ती वाकलीच होती. ते पुन्हा म्हणाले, ऱ्हाऊ दे. आवाज चढला नव्हता. हुरमत थांबून बघत होती.

"आठ पेंढ्यांत फिटलं व्हय?" कासमभाय म्हणाले. "मना बाजारात पोरं बोट दाखवतात. माजा जावई लेकीला म्हनतो, तुजा बाप भात बुडवनारा. आनी तुमी मना रोप देता."

"भात बुडालं असतं, कासमभाय. म्हनून बोलली नाय मी."

"म्हायती हाय. म्हनून तर सही केली मी. पन त्या दिवशी सुकती जात व्हती. आज कुटं जातेय? आज बोला."

"मीच काय ते सांगतंय ना सगळ्यांना. गंगुबाईला सांगितलं, विनीतला..."

"एकेकाला गाठून. तांदूळ निवडताना." त्यांनी हाताने खार दाखवली. "मना नका सांगू. ती सगळी हतं हायत. त्यांना सांगा."

खार भरलेली होती. नवमीची सकाळ, लावणीचा शेवटचा आठवडा. चाळीस एकरांत इकडे तीन, तिकडे पाच, निळे-पिवळे प्लास्टिकचे कागद पाठीवर घेऊन बायका वाकलेल्या, मधूनमधून पुरुष. खारीत झाडझुडूप नसतं. एका टोकाची शिंक दुसऱ्या टोकाला ऐकू जाते.

हौसा सरळ उभी राहिली. हाताला चिखल, तो तिने लुगड्याला पुसला, का ते तिलाही कळलं नाही. मग तिने तोंड उघडलं.  

"उघाडी माज्या घोवानं उगडली. रावजी गोताडानं. भर भरतीला. कासमभाय नको म्हनत व्हते."

एकेक करून पाठी सरळ झाल्या. निळ्या, पिवळ्या. गंगुबाई सगळ्यात जवळ होती. तिने कपाळावर हात धरून हौसाकडे पाहिलं. बाळा गोताड गुडघ्यावर हात देऊन उभा राहिला आणि त्याने चौकीकडे बघितलं.   हौसाने तेच पुन्हा सांगितलं, शब्द न शब्द, या खेपेला बाळाच्या दिशेने.

बाळा वाकला. मग गंगुबाई वाकली. मग सगळ्याच, आपापल्या ओळीला.

हौसाला वाटलं, आता ओरडावं, चिखलाचा गोळा घ्यावा आणि फेकावा त्या पाठींवर, एकेकीवर.  ती कासमभायकडे वळली. ते तिच्याकडे बघतही नव्हते. ते उघाडीकडे बघत होते.

तिकडे रावजीने हातातलं घड्याळ पाहिलं, चौकीतला कागद पाहिला आणि तो मोरीत उतरला. त्याने सगळं ऐकलं होतं, ते त्याच्या खांद्यांवरून कळत होतं. त्याने पहिली फळी काढली. मग दुसरी. मग न थांबता तिसरी, मधली, ओढायला लागला, आणि पाणी एकदम उसळून त्याच्या मांड्यांवर आपटलं. तो धडपडला, मोरीच्या दगडाला धरून राहिला.

"मधली ठेव," कासमभाय पुटपुटले. तिथून ते रावजीला ऐकू जाणं शक्य नव्हतं, आणि बांधावर पाय ठेवायला त्यांना बंदी होती. "अरे, मधली ठेव. मोरी फुटंल."

हुरमतने हौसाच्या पेंढीचा बंध सोडला. अर्धी रोपं आपल्या डाव्या हातात घेतली, अर्धी हौसाकडे धरली. तिचा चेहरा सैल झाला नव्हता. हौसाने रोपं घेतली. दोघी शेजारी-शेजारी वाकल्या आणि मागे सरकत ओळ लावायला लागल्या.

हौसाने काही वेळाने मान वर केली तेव्हा कासमभाय शेताच्या कडेला, बांध जिथे सुरू होतो तिथे, एक पाऊल अलीकडे उभे होते. पलीकडे मोरीत रावजी फळीशी झोंबत होता. दोघांमध्ये शंभर पावलांचा बांध मोकळा पडला होता, आणि त्या बांधावर त्या वेळेला राखायला कोणीही नव्हतं.